बोडी म्हणजे तलाव नव्हे

धाकटा भाऊ चिखल्याला खाणीत ड्यूटीवर जातो म्हणून घरातून निघाला आणि त्याची गाडी सापडली साकोलीच्या बसस्टँडवर, अगदी उलट्या दिशेला. हेल्मेट हँडलला टांगलेलं होतं. त्याला आता दोन वर्षं होत आली. मागे राहिले माय, मी आणि माझ्या दुकानातला एक कागद.

मोहाडीत तहसीलजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. भावाला क्रिप्टोचा, म्हणजे इंटरनेटवरच्या पैशाचा, नाद लागला तेव्हा त्यानं आपला वॉलेटचा पत्ता, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ, छापून माझ्या कॉम्प्युटरच्या मागे चिकटवला होता. मी वैतागले होते. पत्ता असा चारचौघांत कशाला लावतोस म्हटलं, तर म्हणाला की हा पब्लिक आहे, जगानं पाहिला तरी काही बिघडत नाही.

तो गेल्यावर एका वेबसाइटवर हा पत्ता टाकला, की त्यातली शिल्लक दिसायची. नोंदही दिसायची, काय आत आलं आणि काय बाहेर गेलं. माय रोज संध्याकाळी दुकानात यायची आणि ते पान उघडायला लावायची. एकदा कुठून तरी चिमूटभर काही आत आलं, तर ती रडायलाच लागली. मी तिला चिडूनच समजावलं. आपल्या धानाच्या ढोलीत, त्या मातीच्या कणगीत, वरून कुणीही ओतू शकतं, तसा हा पत्ता. असली चिमूट अनोळखी लोक हजारो पत्त्यांवर टाकत असतात. पण खालचं तोंड उघडून काढायचं, तर प्रायव्हेट की लागते. त्या कीवरून पत्ता तयार होतो, पत्त्यावरून की कुणालाच काढता येत नाही. ती बारा इंग्रजी शब्दांत लपलेली असते आणि शब्द त्याच्याकडेच आहेत. "बाहेर गेलं तरच तो," असं मी बोलून गेले. पुढे त्याचा फार पस्तावा झाला, कारण त्या दिवसापासून माय फक्त बाहेरची नोंद बघायला लागली.

बाहेर काहीच जात नव्हतं. रोज तेच पान, तोच आकडा. मला त्या पानाची भीती वाटायला लागली होती. मेलेल्या माणसाचा उघडा डोळा बघतोय असं वाटायचं, आणि माय मात्र त्याच्याकडे टक लावून बसायची.

यंदा नवीन धान भरायच्या आधी मायनं ढोली शेणानं सारवायला काढली, तेव्हा आत तळाशी प्लास्टिकची पुडी चिकटलेली निघाली. आत त्याच्या अक्षरात बारा शब्द, पण सगळे आपल्या बोलीत. वाघ, वेळू, भूत, बोडी आणि बाकीचे. कागद हाती लागला तरी बाहेरच्याला उघडता येऊ नये, असा पठ्ठ्याचा हिशेब. मी एकेकाचं इंग्रजी करून फोनवरच्या वॉलेटमध्ये टाकलं. जुळेना. टायगर, बाम्बू, घोस्ट, लेक. तीन दिवस डोकं फोडलं. शेवटी मायला विचारलं की बोडीला इंग्रजीत दुसरं काय म्हणत असतील.

"तलाव कायले लिहील तो?" ती म्हणाली. "बोडी एका घरची राहते, तलाव गावाचा."

लेकच्या जागी पॉन्ड टाकलं आणि वॉलेट उघडलं.

मी जे केलं, त्याची मला लाज वाटते. मायचं ते रोजचं बघणं मला सोसत नव्हतं. म्हणून मी स्वतःचा एक नवा पत्ता काढला आणि त्याच्या वॉलेटमधून चिमूटभर त्यावर पाठवलं. मग फोनमधून त्याचं वॉलेट काढून टाकलं आणि कागद माझ्या पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी मायनं बाहेरची नोंद पाहिली. मला वाटलं होतं आनंदानं वेडी होईल. ती उठली. घरी जाऊन तिनं नेहमीसारखी दोन ताटं वाढली.

दुसऱ्या दिवशी ती जरा लवकर आली. मी पान उघडलं. बाहेर आणखी एक नोंद होती. माझी चिमूट होती तेवढीच, आणि गेली होती माझ्याच नव्या पत्त्यावर. पर्स उघडून पाहिली, कागद जागेवर होता. आणि कुणी पाहिला असता, तरी त्याला बोडी म्हणजे काय ते माहीत असायला हवं होतं.

मी मायकडे बघितलं. खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "कालचं तुयं होतं, बाई. बोडी विचारली तवाच समजलं मले."

आजच्या नोंदीवरून तिनं एकदा बोट फिरवलं आणि ती घरी निघाली. मी दुकान बंद करून घरी पोहोचले, तेव्हा चुलीजवळ तीन ताटं मांडलेली होती.