गाडी थांबवा

आमच्या शाळेत सगळ्यात जास्त शिकलेलं कोण, असं कुणी विचारलं तर मी गाडीवरच्या मावशीचं नाव सांगेन. माझ्याकडे विशेष शिक्षणाच्या दोन पदव्या आहेत आणि मावशी सातवी नापास आहे, तरीही.

मावशी शाळेच्या गाडीवर मदतनीस. मुलांना दारातून उचलायचं, पट्टे लावायचे, शाळेत उतरवायचं आणि संध्याकाळी परत पोचवायचं, हे काम ती सतरा वर्षं करत होती. खांद्याला ही भलीमोठी पिशवी. तिच्यात ओले रुमाल, जास्तीची पँट, दाबायचा रबरी चेंडू आणि एक शिट्टी, जी तिने कधीच वाजवली नाही. आमची मुलं तेरा ते सतरा वर्षांची. कुणाला आवाज सोसत नाही, कुणाला स्पर्श, तर कुणी बोलतच नाही. मावशी त्यांना 'माझी माणसं' म्हणते.

पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक चूक झाली होती. एक मुलगा मागच्या सीटवर आडवा होऊन झोपला आणि गाडी तशीच शेडमध्ये गेली. तासाभराने तो सापडला तेव्हा गाढ झोपेतच होता, त्याला काही झालं नव्हतं. झालं ते मावशीला. तेव्हापासून ती प्रत्येक थांब्यानंतर डोकी मोजते. एक जरी कमी भरलं तर "गाडी थांबवा, माणूस राहिलंय" म्हणून ओरडते, आणि ड्रायव्हरकाका करकचून ब्रेक मारतात. आठ मुलं, काका आणि ती स्वतः, मिळून दहा.

ही मोजणी एका मुलीने उचलली. पंधरा वर्षांची, शिंप्याची मुलगी. आई नाही, वडिलांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. ती सगळ्यात शेवटी चढायची, बोटाने गुडघ्यावर टिपत डोकी मोजायची, आणि दहा भरले की पुढच्या सीटवर दोन थापा मारायची. थापा पडल्याशिवाय काका गिअर टाकत नसत. ते तिला 'मॅनेजर' म्हणायचे. महिनोन् महिने तिच्या तोंडून शब्द निघत नसे, पण गाडी तिच्या हुकमावर चालायची.

मग शाळेची इमारत धोकादायक ठरली. दुरुस्तीला वर्ष लागणार, तोवर शाळा ऑनलाइन, असा निर्णय झाला. मी हौसेने कामाला लागले. रंगीत चित्रं, गाणी, मोठ्या अक्षरांच्या पाट्या, काय काय म्हणून केलं नाही. हळूहळू सात मुलं बसायला लागली. मॅनेजर मात्र पडद्याकडे बघायची, दोन मिनिटांत उठायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. गणवेश घातलेला, दप्तर पाठीला.

"पडद्याची भीती वाटत असेल," मी तिच्या वडिलांना फोनवर म्हणाले. मी चित्रं बदलली, आवाज कमी केला, पार्श्वभूमी निळी केली. ती दाराशीच.

आमच्या शाळेत जागा मोजक्या आणि वाट बघणारी मुलं ढीगभर. तीन महिने हजेरी नसली की नाव कमी होतं आणि जागा दुसऱ्याला जाते. दोन महिने उलटून गेले होते. मुलीचे वडील मला एकदा म्हणाले, "बाई, नाव गेलं तर ही दिवसभर माझ्या मशीनशेजारी बसून चिंध्या मोजेल. आणि मी गेल्यावर काय?"

गाडी बंद, म्हणून मावशीला कार्यालयाने घरोघरी फोन करून लिंक पोचली का विचारायचं काम दिलं होतं. लिंकला ती 'निळी ओळ' म्हणायची. मी तिच्यापाशी रडगाणं गायले, तशी ती पिशवी घेऊन थेट शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. एक सकाळ नुसती बसली. दुपारी मला फोन आला.

"बाई, पोर घाबरत नाहीये. मोजतेय. आठ भरतात आणि उठते. तिची गाडीच अजून सुटलेली नाही, शाळेत कशी पोचेल?"

"मावशी, मी धरून नऊ होतात की."

"तुम्ही कुठे गाडीत असता? तुम्ही शाळेत असता."

एवढं साधं मला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं. दोन पदव्या चुलीत घालाव्यात असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी वीस मिनिटं मावशी स्वतः पडद्यावर आली. ज्या क्रमाने मुलं चढायची त्याच क्रमाने एकेकाला हाक मारली, "उशीर झाला, बसा लवकर" म्हणाली, पट्टे लावल्यासारखं केलं. मॅनेजर खुर्चीत टेकली. मोजलं. नऊ. उठली.

राहिले होते ड्रायव्हरकाका. ते तोवर दुसऱ्या एका कंपनीचा माल पोचवायच्या टेम्पोवर लागले होते. मावशीने फोन केला तर म्हणाले, "मोबाइलमध्ये गाडी चालवू? मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे. तुमचं तिला मोजायचंय. वीस मिनिटं द्या."

काकांनी मालकाला काय थाप मारली देव जाणे, पण सकाळी टेम्पो रस्त्याकडेला उभा करून, फोन समोर टेकवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते हजर झाले. शिंप्याच्या मुलीचं बोट गुडघ्यावर फिरलं. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग टेबलावर दोन थापा मारल्या. काकांनी हलकेच हॉर्न दिला, कारण एका मुलाला मोठा सोसत नाही. वीस मिनिटांनी मावशी म्हणाली, "शाळा आली," आणि मी कॅमेरा चालू केला. ती तासभर बसली. मी शिकवत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकाच हाताने.

पण तिसरा महिना संपत आला होता, आधीची हजेरी कोरीच होती, आणि नाव ठेवायचं की नाही ते शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई ठरवणार होत्या. त्यांनी कळवलं, मुलगी मदतनिसाशिवाय बसते का ते बघायचं आहे. त्या दिवशी मावशीने यायचं नाही. मी भांडले. उपयोग झाला नाही. मावशी एवढंच म्हणाली, "माझ्यामुळे तिचं नाव जायला नको. नाही येत मी."

तपासणीच्या दिवशी तपासनीस बाई आणि मी कार्यालयात शेजारी शेजारी, कॅमेरा आणि माइक बंद करून बघत बसलो. मुलं आली, काका आले. मॅनेजरने मोजलं. पुन्हा मोजलं. ती खुर्चीतून अर्धी उठली. मागे शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं. पण ती दाराकडे गेली नाही. पडद्याच्या अगदी जवळ आली. तिचा आवाज मी त्याआधी वर्षभर ऐकला नव्हता.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. "मावशी राहिली."

काकांनी खरोखरच ब्रेकवर पाय दाबला.

तपासनीस बाई मला हळूच म्हणाल्या, "फोन करा."

मावशी पहिल्याच रिंगला फोनवर आली. नंतर कळलं, ती सकाळपासून साडी बदलून, पिशवी मांडीवर घेऊन घड्याळासमोर बसली होती.

"मावशी, गाडी थांबलीय," मी म्हणाले.

तिचा आवाज एकदम बदलला. "कोण राहिलं?"

"तुम्ही."

मग ती पडद्यावर आली, पदर डोळ्यांना लावलेला, फोन वाकडा धरलेला. मॅनेजरने तिच्याकडे रागाने पाहिलं.

"उशीर झाला," ती म्हणाली. "बसा लवकर."

मावशी निमूट बसली. टेबलावर दोन थापा पडल्या. मी तपासनीस बाईंच्या निर्णयाच्या कागदाकडे बोट दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "थांबा, आधी गाडी पोचू द्या."