रेशमावरचे डाग

गिरणीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी धरली ती पोटासाठी नव्हे, सूडासाठी. तो माझ्या थोरल्या चुलत्यावर, आप्पांवर उगवायचा होता.

शहापुरात आमचं रेशीम रंगवायचं काम. पूर्वी झाडपाल्याचे रंग. पाणी, आच, वेळ, सगळं जिभेवर आणि बोटांवर जोखायचं. मग डब्यातले विलायती रंग आले. पहिली काही वर्षं कुणीही उठावं, पुडी टाकावी आणि लाल काढावा. पुढं गिऱ्हाईक शहाणं झालं, त्याला पक्का नि एकसारखा रंग हवा झाला, आणि तिथं आमची बोटं थिटी पडली. वडील वारले त्या साली देवळाच्या विहिरीवरून पाणी आणायची कटकट नको म्हणून आप्पांनी परसात नवी विहीर खणली. लगेच रेशमावर डाग उठायला लागले. रंगाआधी रेशीम साबणाच्या पाण्यात उकळायचं काम वर्षानुवर्षं माझ्या आईचं. आप्पांना कारण सापडलं.

"रांडमुंडीची सावली पडतीया भट्टीवर. हिला आत येऊ देऊ नका रं!" ते साऱ्या गल्लीसमोर ओरडले. आई गोठ्यात शेण काढायला लागली. मी दातओठ खात गाव सोडलं.

तीन वर्षांनी परतलो. आई गोठ्यात, डाग रेशमावर, तरी कुणाच्या डोक्यात उजेड पडला नव्हता! आप्पांनी मला बाजूला घेतलं. "काय सापडलं असंल तर मला एकट्याला सांग."

"न्हाय आप्पा. सावली तुम्ही चारचौघांत दाखवलीसा."

गल्ली गोळा केली. एका बाटलीत देवळाच्या विहिरीचं पाणी, दुसरीत आमचं. दोन्हींत साबण किसून टाकला आणि हलवलं. एक फेसानं भरली. दुसरीत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. म्हटलं, "पाण्यातला चुना साबणाला धरतो, त्या गुठळ्या रेशमाला चिकटतात, तिथं रंग चढत नाही. माझी आई नव्हे, तुमची विहीर!"

आप्पांची मान खाली गेली. मला ती आणखी खाली हवी होती. मी त्यांना आईच्या पाया पडायला लावलं. ते रडले, मी डोळे भरून पाहिलं. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

सगळे पांगल्यावर आईनं ती गुठळ्यांची बाटली हलवून पाहिली. "नव्या पाण्याला साबण फेसाळत न्हाय, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं."

"आप्पांनी ऐकलं नसेल."

"थोरल्या दिराशी मी कवा बोलती रं? तुला सांगितलं हुतं. तू हसलास," ती म्हणाली आणि पदर खोचून भट्टी पेटवायला गेली.