बादलीभर पाणी

माझ्या नवऱ्यानं बादलीतलं पाणी फेकलं तेव्हा मी झाडू घेऊन खांबाआड होते. कारखान्याच्या भट्टीतलं वितळलेलं लोखंड जमिनीवर सांडलं होतं आणि माझा धाकटा दीर विठ्ठल याच्या पायाकडं सरकत होतं. नवरा विचार करत थांबला नाही. जन्मभर जे केलं तेच केलं. स्फोटानं वरचे पत्रे उडाले.

आम्ही हट्टा गावचे लोहार. हळद काढायच्या कुदळी आणि विळे आमच्या भात्यावर व्हायचे. तापलेलं लोखंड दिसलं की लोहाराचा हात पाण्याकडं जातो. पण ते लोखंड घट्ट असतं. वितळलेल्यावर पाणी पडलं तर वाफ होऊन सगळं उडतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लोहार आहोत म्हटल्यावर कारखान्यातला मुकादम म्हणाला होता, "फिर तो तुमको सब आता है."

बाजारात कारखान्याचे विळे आले आणि आमच्याकडं येणारे थांबले. इकडं परमुलखात पोलादाच्या कारखान्याची नवी भट्टी उभी राहत होती. निघताना सासू म्हणाली, "काहून एवढ्या लांब जाऊन राहिले?"

सासरे ऐरणीपाशी उभे होते. "जाऊ दे. लोखंड ते लोखंडच. तिथला भाता मोठा, एवढंच."

घरचा भाता मी ओढायचे. विठ्ठल मला म्हणाला, "वहिनी, तुमी सुटल्या. तिथला भाता मशीन ओढतंय."

"मग तुला कशाला बोलावून राहिले?" मी म्हणाले. सासरेसुद्धा हसले.

स्फोटानंतर मी कारखान्याच्या कॅन्टीनला भांडी घासली. एकामागून एक भट्ट्या झाल्या. कारखाना वाढला ते मला खरकट्या ताटांच्या ढिगावरून कळायचं. वर्धापनदिनाला साहेब देशाचे पूल आणि रूळ मोजून दाखवायचे, मग लाडू मिळायचा. आता भट्टीजवळ पाटी आहे, पाणी टाकू नये म्हणून. अक्षरं मोठी आहेत. मी चौथी शिकले, मला ती पाटी वाचता येते. नवऱ्यालाही आली असती.

सासरे गेल्यावर थोरल्या दिराच्या पोरानं ऐरण भंगारवाल्याला दिली. दसऱ्याला आम्ही पुजायचो ती. फोनवर म्हणाला, "काकू, कोणाच्या कामाची होती ती? येता-जाता पायाला लागत होती." बराबर आहे त्याचं. भंगाराचे ट्रक कुठं जातात ते मला ठाऊक आहे. आमच्या कारखान्याच्या फाटकातून आत येतात, आणि माल भट्टीत पडतो.

गावाकडचे विचारतात, घरी कधी येता? तिथं भाता नाही, ऐरण नाही, माझ्या काळचं माणूस नाही. जिथं विठ्ठलला हाताला धरून अंगणात नेता येतं, त्या खोलीला मी घर म्हणते. दुसरं नाही.

नवरा त्या दिवशी भट्टीपाशीच मेला. विठ्ठलचे डोळे गेले, तो वाचला. मी वाचले.