दादाची खरी तिथी

श्राद्धाचं जेवण झालं की झोप येते, आणि ती येते म्हणून लाजही वाटते. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं पोटभर जेवून मी ओसरीवरच्या आरामखुर्चीत पाय लांब करून पडलो आहे. आत वहिनी भांडी विसळते आहे. तो आवाज थोडा लांब जातो, मग आणखी लांब. माझे डोळे मिटलेत की उघडे आहेत ते मला सांगता येत नाही. अंगणात ऊन तसंच आहे आणि खालच्या पायरीवर दादा बसला आहे.

मोरेश्वर पालयेकर, माझा थोरला भाऊ. ज्याचं श्राद्ध आत्ताच आटोपलं, तो. तो गेला त्याला एकेचाळीस वर्षं झाली. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि पेडण्यातल्या चळवळीचा तो पुढारी होता. अजून अठ्ठावीसचाच दिसतो. मी साठीला आलो.

"म्हातारो झालंस रे, अंतू," तो म्हणतो. "जेवलंस?"

"होय. तू?"

"माका जेवूक कोण घालतलो? आज माझी तिथी नाय."

खरं आहे ते. आणि हे ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे.

त्या वर्षी पोलीस दादाच्या मागे हात धुऊन लागले होते. मग चळवळीचे मोठे पुढारी दाजी नेवगी यांनी तोड काढली. मोरेश्वर मेला असं उठवायचं. तेरेखोल नदी पोहून जाताना गोळी लागली आणि प्रेत समुद्रात गेलं, अशी गोष्ट ठरली. दादा तोवर होडीनं पलीकडे आरोंद्याला, भारताच्या हद्दीत, पोचलासुद्धा होता. इकडे आम्ही दर्भाचा पुतळा करून जाळला. अग्नी मी दिला. आईला आणि मला खरं माहीत होतं, वहिनीला नाही. "तिचं रडणं खरं हवं," दाजी म्हणाले, "खोटं रडणं पोलिसांना ओळखू येतं." शेजारच्या बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी दाराशीच उभा होतो आणि तोंडातून ब्र काढला नाही. दादा त्यानंतर सात महिने जगला.

"कावळो शिवलो?" दादा विचारतो.

आम्ही नदीकाठी आहोत. केळीच्या पानावर दहाव्याचा पिंड आहे आणि दोन पोलीस माडाला टेकून बघताहेत. खुर्चीचा दांडा मात्र माझ्या हाताला अजून लागतो आहे.

"शिवलो. लगेच."

"मी जितो असताना?"

"होय."

"हावरट मेलो!" दादा कावळ्याला म्हणतो आणि हसतो. त्याच्याबरोबर मीही हसतो. आम्हाला वाटलं होतं, जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा कशाला शिवेल? तो आला, शिवला, आणि आईचं तोंड पांढरंफटक पडलं. दादाला आम्हीच मारलं, त्या दहाव्या दिवशी, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. असं काही नसतं हे मला कळतं. तरी वाटतं.

पोलीस टाळ्या वाजवू लागतात. ते पोलीस नाहीत, शाळेची पोरं आहेत. पटांगणात मंडप घातला आहे, मागे दादाचा फोटो, त्याखाली "हुतात्मा". मंचावर वहिनी खाली मान घालून बसली आहे आणि दाजी तिला शाल देताहेत. दाजी पुढे मंत्री झाले. आता तेही गेले, पण इथं अगदी ठणठणीत आहेत.

"ही कितवी शाल?" दादा माझ्या कानाशी विचारतो.

"पस्तिसावी."

"इतक्या शाली घेवन ती काय करता?"

"ट्रंकेत ठेवता. एकय कधी पांघरूक नाय."

"गोवा सुटलो तेव्हा तरी तिका सांगूचा होता रे, अंतू."

सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. पण पहिल्याच वर्षी शाळेला दादाचं नाव दिलं. नदीतल्या गोळीची गोष्ट पोरांना तोंडपाठ झाली. मी दाजींकडे गेलो तर ते म्हणाले, "आता कशाला? हुतात्म्याला तापानं मारायचं का?" आणि मला काय वाटलं ते लपवत नाही: बरं वाटलं. वहिनीच्या डोळ्यांत बघून बोलायची पाळी टळली म्हणून बरं वाटलं.

"मी दाजींक इचारलंय," मी दादाला सांगतो.

तो सुंभाच्या ढिगावर आडवा पडला आहे. काथ्याचा ओला वास येतो आहे, भिंतीला एकच झरोका आहे. ही आरोंद्याची खोली. इथं मी एकदाच आलो होतो, चोरून. विषमज्वरानं दादाच्या ओठांची सालं निघाली होती. इथले लोक त्याला मास्तर म्हणत. पुढे त्याच नावानं त्यांनी त्याला जाळलं, आणि आम्हाला निरोप आला तेव्हा आईला साधं मोठ्यानं रडताही आलं नाही. आमचं रडून झालेलं होतं ना.

"मी तुका तेव्हा काय सांगलेलंय?" दादा विचारतो.

"वयनीक घेवन ये म्हणून."

"मगे?"

"मी दाजींक इचारूक गेलंय. ते म्हणाले, विधवा बाई नदी उतरून जाताना दिसली तर पोलीस मागोमाग येतील."

"दाजींक इचारलंस," तो सावकाश म्हणतो. "तिका नाय."

मी त्याच्या पायांवर डोकं ठेवतो. क्षमा मागायची आहे. तो उठून बसतो आणि माझं मनगट धरतो. हात तव्यासारखा तापला आहे. मला तो सोडवून घ्यायचा नाही.

"सांग तिका," दादा म्हणतो. "माका भूक लागली हा."

"भावजी! ओ भावजी!"

वहिनी चहा घेऊन उभी आहे. ऊन अंगणातून कुंपणापर्यंत गेलं आहे. मी कप घ्यायला हात पुढे करतो आणि ती कप कठड्यावर ठेवून देते. माझ्या मनगटावर पाच बोटं उठली आहेत, लालभडक, पोळल्यासारखी. अंगठ्याच्या जागी तर कातडी फुगली आहे.

ती माझा हात स्वतःच्या हातात घेते. एकेका वळावर आपलं बोट ठेवून बघते. दर वेळी तिचं बोट आखूड पडतं. कुणी धरलं, असं ती विचारत नाही. मी तिच्याकडे बघतो आणि सांगायला लागतो. पुतळा, दाजी, आरोंदा, ताप, त्यानं बोलावलेलं, मी न नेलेलं. चहा निवायच्या आत सगळं सांगून होतं. एकेचाळीस वर्षं जे जमलं नाही त्याला एवढाच वेळ लागतो. आता ती मला शिव्या देईल, निदान हात तरी झिडकारील, म्हणून मी वाट बघतो.

"सात म्हयने?" ती विचारते.

"होय, वयनी."

"आणि तिथी?"

"मार्गशीर्ष वद्य पंचमी."

ती ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघते. मग पायरीकडे बघते.

"त्या सात म्हयन्यांत त्येंका जेवूक कोण घाली?"

"शेजारची एक म्हातारी होती. पेज आणून देई."

"रोज पेज?"

"रोज."

"त्येंका पेज आवडत नाय, भावजी," वहिनी म्हणते, आणि पदरानं तोंड पुसत चूल पेटवायला आत जाते.