धुरापुरतं जुनं कार्ड

"नांदतीन भो दोन्ही, तू घाई नको करू," असं म्हणत नाना कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या उघड्या बाजूवर चिमट्याने टकटक करायचे. आत स्क्रीनवर चित्र उमटवणारी दोन ग्राफिक्स कार्डं होती, एक नवं आणि एक जुनं. ती अजिबात नांदत नव्हती.

जळगावात माझ्या खोलीशेजारी नाना राहायचे. मूळचे धुळ्याचे. सराफांसाठी दागिन्यांची डिझाइनं आधी हाताने, पुढे कॉम्प्युटरवर काढायचे. असोद्याच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉम्प्युटरचं सगळं मला येतं असं घरचे धरून चालतात. नानांनीही तेच धरलं. मला 'येत नाही' असं म्हणता आलं नाही.

नवं कार्ड त्यांनी डिझाइनच्या कामासाठी घेतलं होतं. पण त्याच्यावर त्यांच्या मुलीच्या जुन्या गेममधला धूर चालेना. तुम्ही असे गेम खेळला असाल तर माहीत असेल, चालताना धूर पायाशी बाजूला होतो, कागद उडतात, पडदे हलतात. हे जुन्या कार्डांना जमायचं, नव्यांनी ते सोडूनच दिलं आहे. म्हणून धुरापुरतं जुनं कार्ड शेजारी बसवायचं होतं.

मुलगी लग्न होऊन सुरतला गेली होती आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिल्यांदा माहेरी येणार होती. शाळेत असताना ती हा गेम खेळायची म्हणजे कुणालाच मारायची नाही, नुसती धुरातून फिरायची. नाना मागे उभे राहून बघायचे. ती येईपर्यंत त्यांना तो धूर परत हवा होता.

रोज संध्याकाळी मी जायचो. जुन्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला की नवं गायब, नव्याचा टाकला की जुनं. एकदा तर स्क्रीनच काळी पडली आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं मंगळसूत्राचं डिझाइन आत अडकलं. मी घामाघूम झालो. नाना मात्र चहा पुढे करून म्हणाले, "नवी सून आनी जुनी सून, येळ लागसच ना!"

"नाना, धूर बंद करून खेळू द्या तिला. गेम मस्त पळतो."

"धूर नही ते तिले दखाडू काय? नुसत्या भिंती?"

असा हट्टी माणूस तुमच्याही गल्लीत असेल. चिडता येत नाही आणि सोडूनही जाता येत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोन्ही कार्डांना चालेल असा एक जुना ड्रायव्हर सापडला. गेम सुरू केला आणि त्यातल्या खोलीभर पांढरा धूर पसरला. नाना खुर्ची ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ बसले.

सकाळी दहाच्या सुमारास त्यांची हाक आली. स्क्रीनवर धूर नव्हता, जुनं कार्डच दिसत नव्हतं. मी ते बाहेर काढलं. हाताला ओलं लागलं, आणि रिठ्याचा वास आला.

"नाना, कार्ड धुतलं?"

"धूळ व्हती रे. पोरगी येनार. दागिना धोतस तसंच, नरम बरशनी. उनमा बी ठेवं व्हतं, मंग परत बसाडं."

"कार्ड कुणी धुतं का!" मी ओरडलोच. मग त्यांनी कार्ड पंच्यात गुंडाळलं आणि पुन्हा उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत मी तीनदा लावून पाहिलं. ते गेलं होतं.

मुलगी आली. आमरस-पोळीचं जेवण झालं. बाहेर कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बायकांची गाणी चालली होती, तरी ती आत आली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. धूर बंद करून मी गेम लावून दिला. राग अजून गेला नव्हता. तिला काही सांगू नको, अशी नानांनी मला खूण केली.

ती गेममधल्या मोकळ्या खोलीत शिरली आणि थांबली.

"नाना, आठे धूर व्हता ना?"

"व्हता."

तिने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. मग पळण्याचं बटण सोडलं आणि एकेक पाऊल टाकत, चाचपडत चालू लागली. लख्ख उजेडात समोरचं सगळं स्पष्ट दिसत होतं.

नाना तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"हळू," ते म्हणाले. "पुढे खांब शे."