आधी लिहून मग खेळणारे बस्त्यावकाका

बस्त्यावकाकांची आणि माझी पहिली ओळख त्यांचे खिसे तपासताना झाली. पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहिणं शोभत नाही, पण संपादकांनी खरं तेच लिहा असं बजावलं आहे.

मी शाळामास्तर. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारण्यात माझी हयात गेली; कॉपी पकडणं हा हातचा मळ. निवृत्तीनंतर नवघरच्या बुद्धिबळ स्पर्धांत पंच म्हणून उभा राहू लागलो. तिथे एकदा काका आले. उत्तनला होड्यांची इंजिनं दुरुस्त करत त्यांनी संसार केला होता आणि पस्तीस वर्षांच्या खंडानंतर ते पुन्हा स्पर्धेला बसत होते.

पहिले दोन्ही डाव त्यांनी जिंकले. मला तेच खटकलं. इतक्या वर्षांनी आलेले गृहस्थ रोज सराव करणाऱ्यांना हरवतात कसे? तिसऱ्या डावात मी त्यांच्या मागेच उभा राहिलो. काका चाल खेळण्याआधी ती कागदावर लिहीत, वर तळहात ठेवून बसत, मग ती खोडून दुसरी लिहीत. आताच्या नियमाने आधी खेळायचं, मग लिहायचं. पाणी कुठेतरी मुरत होतं. मी घड्याळ थांबवलं.

"काका, कोणाला दाखवताय हे?"

"दाकवत न्हाय, मास्तर. आमच्या वेलेला आदी लिवायचा, मंग खेलायचा. लिवला का हात घाय करीत न्हाय."

माझा विश्वास बसला नाही. मोबाइल लपवला असेल म्हणून सगळ्या सभागृहासमोर मी त्यांना खिसे रिकामे करायला लावले. जपमाळ, रुमाल, चष्म्याचं घर. एवढंच निघालं. तरीही मी ताकीद दिली. काका पुन्हा पटासमोर बसले, नियमाप्रमाणे आधी खेळले आणि घाईत वजीर गमावून बसले. जिंकत आलेला डाव हरले. जाताना त्यांनी माझेही आभार मानले. हरलेला माणूस पंचाचे आभार मानतो? माझा संशय आणखी वाढला.

घरी येऊन त्यांच्या नोंदी पटावर मांडल्या, चोरी पकडायचीच म्हणून. जिंकलेल्या दोन्ही डावांतही काकांच्या ढोबळ चुका होत्या, समोरच्यांच्या लक्षात न आलेल्या. चोरून आणलेलं उत्तर असं चुकत नाही, हे मास्तराला कळायला नको? मला माझी लाज वाटली. ते पुन्हा खेळायला येणारच नाहीत, ही भीती त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी उत्तनला गेलो, माफी मागितली. काका दारात बोंबील वाळत घालत होते. त्यांनी मला आधी खुर्ची दिली, मग चहा.

"माफी कशाला?" ते म्हणाले. "परवा मुलगा बोलला, पप्पा, या वयात कशाला हसू करून घेता? अन् तुमाला वाटला का मी लबाडी करतो! म्हंजे माजा खेल अजून चांगला हाय, मास्तर."

पुढच्या स्पर्धेला पहिलं नाव त्यांचंच होतं. तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं खेळतो. चारांतला एक डाव मी जिंकतो. तो ते मुद्दाम सोडतात असा मला दाट संशय आहे, पुरावा नाही.

काकांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि शंभराव्या वर्षीही ते असे खेळोत, की एखाद्या नव्या पंचाने त्यांचे खिसे तपासावेत.