थंड हात

मुलुंडच्या फिजिओथेरपी केंद्रात तो रोज माझ्या शेजारी बसे. घड्याळे दुरुस्त करणारा होता. काचेने मनगटातला मज्जातंतू तुटला होता. डॉक्टरांनी तुटल्या टोकांमध्ये एक बारीक नळी बसवली होती. तिच्या आधाराने तंतू वाढणार होता आणि नळी विरघळून जाणार होती. बोटांना स्पर्श कळला नाही, तर त्याचे घड्याळांचे काम संपणार होते. डोळे मिटून तो हातावर टिचक्या मारी आणि मुंग्या येतील तिथे पेनाने रेघ ओढी; तंतू कुठवर वाढला ते त्यावरून कळे.

एके सकाळी, डोळे मिटलेले असतानाच, तो म्हणाला, "काका, सोडा ना बोट. कळलं मला."

माझे हात माझ्याच मांडीवर होते.

"मी धरलेले नाही."

"मस्करी नका करू. केवढा थंड हात आहे तुमचा."

तो हसत होता. त्याने डोळे उघडण्याआधी मी ते बोट घट्ट धरले.

माझा स्पर्श त्याला कळला नाही.